माळ्यावरची संगीन बोलू लागते!

मराठीत 'संगीन' हा शब्द मोठा कामाचा आहे. घराचे बांधकाम पक्के असले की ते संगीन, पुरावा भक्कम असला की तोही संगीन, आणि गुन्हा भारी असला तर तोसुद्धा संगीनच! फारसीत 'संग' म्हणजे दगड; त्यावरून जड, भक्कम ते संगीन. पण याच नावाची एक वस्तूही आहे. बंदुकीच्या नळीच्या टोकाशी बसवायचे ते पोलादी हत्यार म्हणजे संगीन.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पलटणीत माणसे धाडणारे. इथल्या जुन्या घरांत ही वस्तू अधूनमधून निघते. कुठे ती देव्हाऱ्याशेजारी खुंटीला टांगलेली असते आणि खंडेनवमीला तिला झेंडूची माळ मिळते. कुठे ती माळ्यावर, फुटक्या घंगाळाच्या आणि मोडक्या पाळण्याच्या संगतीत वर्षानुवर्षे पडून राहते. मग दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघते, भंगारवाला दारात येतो, आणि रद्दीबरोबर तीही तराजूत पडते. वजन भरते अर्धा किलोच्या आसपास. तेवढ्या लोखंडाचे पैसे हातावर पडतात आणि घरातल्या एका माणसाची आठवण कायमची घराबाहेर जाते.

आपल्याकडे नाणी जमवणारे आहेत, पोस्टाची तिकिटे जमवणारे आहेत, अडकित्ते आणि दिवे जमवणारेही आहेत. जुन्या संगिनी जमवण्याचा छंद त्या मानाने थोड्यांचा. या छंदाला पैसा लागतो त्याहून जास्त डोळा लागतो, आणि डोळ्यापेक्षाही विचारपूस करण्याची सवय लागते. ज्यांना हा नाद आहे किंवा ज्यांच्या घरी अशी एखादी वस्तू पडून आहे, त्यांच्या उपयोगी पडावे एवढ्यासाठी ही माहिती.

बंदूक रिकामी झाल्यावर काय?

संगिनीचा जन्म एका अडचणीतून झाला. सतराव्या शतकातली बंदूक एकदा उडाली की पुन्हा भरायला बराच वेळ लागे. दारू ओता, गोळी घाला, गजाने ठासा! तेवढ्यात शत्रूचा घोडेस्वार अंगावर येऊन थडके. म्हणून बंदूकवाल्यांच्या रक्षणाला भालेवाले ठेवावे लागत. एकाच शिपायाला दोघांचे काम करता आले तर किती बरे, या विचारातून बंदुकीच्या तोंडातच सुऱ्याची मूठ खुपसण्याची युक्ती निघाली. फ्रान्सच्या दक्षिणेकडील बायोन गावावरून तिला 'बायोनेट' हे नाव पडले, असे मानतात.

या युक्तीत एक मोठी खोट होती. नळीचे तोंडच बुजल्यामुळे संगीन लावली की बंदूक उडत नसे. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमध्ये किलिक्रँकी येथे सरकारी फौजेने एक फैर झाडली. पण नळीत संगिनी बसवून होण्यापूर्वीच डोंगरी लोक तलवारी घेऊन तिच्यावर कोसळले आणि फौजेची धूळधाण उडाली. पुढे संगिनीला पोकळ नळकांडे जोडण्यात आले. ते बंदुकीच्या नळीवर बाहेरून चढे आणि पाते बाजूला राही. आता संगीन लावूनही गोळी झाडता येऊ लागली आणि भालेवाल्यांची गरज संपली.

ही विद्या आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी संगिनी रोखून रोहिल्यांवर चालून गेल्या. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयन या अधिकाऱ्याकडून बंदूक-संगिनीच्या पलटणी तयार करून घेतल्या. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात वेलस्लीच्या फौजेने मराठी तोफांवर चाल करून त्या घेतल्या, त्याही संगिनींच्याच जोरावर. मराठ्यांच्या इतिहासात हे हत्यार दोन्ही बाजूंनी चमकून गेले आहे.

पलटणीतून घराकडे

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांतून पोरे फौजेत गेली, आणि पहिल्या महायुद्धात इथले ४६ जवान कामी आल्याचे गाव अभिमानाने सांगते. त्या युद्धानंतर सरकारने अनेक गावांना दगडी पाट्या दिल्या. गावातून किती माणसे १९१४ ते १९१९ च्या युद्धावर गेली आणि त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढाच मजकूर त्यांवर कोरलेला असतो. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली अशी पाटी दिसली, तर संग्राहकाने तिथे थांबावे. दोन आकड्यांत सगळ्या गावाची कहाणी असते.

या भागातली माणसे मुख्यतः मराठा पलटणींत जात. १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांच्या त्या पलटणी. १९२२ साली फौजेची फेरमांडणी झाली आणि त्यांचे मिळून पाचवे मराठा लाइट इन्फन्ट्री हे दल बनले. १०३ ती 'जंगी पलटण' पहिली बटालियन झाली, १०५ ती 'काळी पाचवी' दुसरी झाली. दुसऱ्या महायुद्धात याच दलाचे जवान १९४१ साली इरिट्रियातील केरनच्या डोंगरांवर लढले आणि नंतर इटलीत लढले. तिथेच यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले.

आता एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. संगीन ही शिपायाच्या मालकीची वस्तू नव्हे. बंदुकीबरोबर ती सरकारातून मिळे आणि नोकरी संपली की बंदुकीबरोबरच कोठारात जमा होई. पेन्शनीत निघताना शिपाई बक्षीस, बिल्ला, पदक घेऊन येई, पण हत्यार सहसा नाही. मग घरात संगीन आली कशी? निकामी ठरलेला माल सरकारने विकला असेल, संस्थानी फौजेतून ती बाहेर पडली असेल, किंवा बाजारातून कुणी हौसेने घेतली असेल. "आजोबांनी लढाईतून आणली" हे वाक्य खोटेच असेल असे नाही. परंतु ते तपासून घ्यावे. आणि तपासायची साधने बहुधा त्या लोखंडावरच कोरलेली असतात.

लोखंडावरची बाराखडी

प्रथम आकार पाहावा. पाते तीन धारांचे, टोकाकडे निमुळते आणि मुठीच्या जागी पोकळ नळकांडे असेल, तर ती जुन्या घराण्यातली. कंपनी सरकारच्या ठासणीच्या बंदुकीला अशीच संगीन असे. नळकांड्याभोवती फिरणारे एक कडे असेल तर ती १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड बंदुकीची असू शकते. काडतुसांवरून १८५७ साली आगडोंब उसळला, तीच ही बंदूक.

मूठ लाकडी, पाते सरळ, लांब आणि मधोमध पन्हळ असलेले असेल, तर ती बहुधा 'पॅटर्न १९०७' या जातीची समजावी. पूर्वीच्या ब्रिटिश संगिनीचे पाते बारा इंचांचे होते. पुढे फौजेने आखूड बंदूक स्वीकारली. आखूड बंदुकीमुळे शिपायाची पोच कमी होणार, ती भरून काढायला संगीनच लांब केली. पाते सतरा इंचांचे झाले. नमुना घेतला तो जपानी संगिनीवरून! सुरुवातीला मुठीपाशी एक वाकडा आकडा असे. तो १९१३ साली काढून टाकण्यात आला, आणि आधीच्या बहुतेक संगिनींचे आकडेही कापले गेले. म्हणून आकडा शाबूत असलेली संगीन दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच नकली आकडा डकवणारे महाभागही पुष्कळ.

पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून, बारीक अक्षरे ठोकलेली असतात. राजमुकुट, राजाची आद्याक्षरे आणि १९०७ हा आकडा. नवशिके इथे फसतात. १९०७ हे नमुन्याचे साल, संगीन बनल्याचे नव्हे! बनल्याचा महिना आणि साल त्याखाली वेगळे असते. पाच आणि सतरा असे आकडे असतील तर १९१७ च्या मे महिन्यातली. शेजारीच कारखान्याचे नाव असते: विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन अशी विलायती नावे. पण 'आर. एफ. आय.' ही तीन इंग्रजी अक्षरे दिसली तर जरा ताठ बसावे. ती बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीची. म्हणजे वस्तू इथल्याच कारागिरांच्या हातची.

पात्याच्या दुसऱ्या बाजूला फुलीची खूण असते. पाते वाकवून पाहिले आणि ते मोडले नाही, याची ती पावती. रुंद डोक्याचा बाण ही सरकारी मालकीची खूण. आणि दोन बाण टोकाला टोक लावून उभे असतील तर? तर तो माल सरकारने रीतसर विकून टाकलेला आहे. घरात संगीन आली कशी, या प्रश्नाचे उत्तर कधीकधी या दोन बाणांतच मिळते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात बारा इंची आखूड पात्याच्या संगिनी बनल्या आणि जुनी लांब पातीही सरकारी कारखान्यांत कापून आखूड करण्यात आली. तेव्हा पाते आखूड दिसले की कुणी विळा-कोयता करायला तोडले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. याच काळात विलायतेत आठ इंचांची नुसती सळईवजा संगीन निघाली. तिला पातेच नाही. दिसायला ती सुताराच्या टोच्यासारखी दिसते. अशी 'सळई' घरात असेल तर ती हत्यारांच्या पेटीतून बाहेर काढून एकदा नीट पाहावी.

मुठीच्या टोकावर आणि आडव्या पट्टीवर पलटणीची अक्षरे किंवा आकडे असतात. इथे मोह आवरावा. '१०३' दिसले की जंगी पलटण सापडली, असे नाही. तो कोठारातल्या मांडणीचा साधा अनुक्रमांकही असू शकतो. आकड्याबरोबर पलटणीची अक्षरे असतील, आणि संगिनीचा काळ १९२२ च्या आधीचा ठरत असेल, तरच पुढे शोध घ्यावा.

विचारायचे कोणाला?

या छंदाला लागणारी पहिली शाळा म्हणजे वस्तुसंग्रहालय. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथली जुनी शस्त्रे शांतपणे पाहिली की खऱ्या जुन्या पोलादाचा रंग आणि झीज कशी असते, हे डोळ्यांत बसते. सांगलीकरांना कोल्हापूर जवळ. तिथल्या नव्या राजवाड्यातील संग्रहात शस्त्रांचे मोठे दालन आहे. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आणि मराठा पलटणीचा इतिहास पाहायचा तर बेळगावला, दलाच्या केंद्रातील संग्रहालयात जावे. तो लष्करी मुलूख असल्याने आधी पत्र पाठवून परवानगी काढावी, हे बरे.

दुसरी शाळा कागदांची. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. माजी सैनिकांच्या वारसांनी जुने नोकरीचे पुस्तक, पेन्शनचा कागद घेऊन तिथे जावे. कोणत्या दप्तराकडे लिहावे हे तिथे समजते. महायुद्धात मेलेल्यांची नावे शोधायची तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या याद्या इंटरनेटवर घरबसल्या पाहता येतात. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची नोंद आहे. मात्र साध्या हिंदी शिपायांची नावे तिथल्या दगडावर कोरली गेली नाहीत. पलटणीपुढे नुसता आकडा घातला गेला. या अन्यायाची कबुली आयोगाने २०२१ साली दिली. आपल्या गावचा माणूस त्या आकड्यात असेल, तर त्याचे नाव घरच्या वहीत लिहून ठेवणारे आपणच.

इथे एक बारीक सूचना. जुन्या कागदांवर 'जिल्हा सातारा' असले म्हणजे गाव आजच्या साताऱ्यातच असेल असे नाही. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके पूर्वी साताऱ्यात होते. १९४९ साली त्यांना सांगली, मिरज, जत या संस्थानी मुलखाची जोड देऊन 'दक्षिण सातारा' जिल्हा बनला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. साताऱ्यात शोधून थकलेला माणूस पुष्कळदा सांगलीत सापडतो!

तिसरी शाळा म्हणजे पदके. पहिल्या महायुद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. संगिनीवर शिपायाचे नाव सहसा नसते, पदकावर असते. म्हणून संगीन दाखवणाऱ्या घरी पदकाचीही चौकशी करावी. ते चांदीचे असल्यामुळे पुष्कळ पदके सोनाराच्या मुशीत गेली. एखाद्या सुनेच्या जोडव्यांत तिच्या आजेसासऱ्याचे नाव वितळून गेले असेल, कोण सांगणार?

ग्रंथांत म्हणाल तर इयान स्केनर्टन आणि रॉबर्ट रिचर्डसन यांचा ब्रिटिश व राष्ट्रकुलातील संगिनींवरील इंग्रजी ग्रंथ या विषयात प्रमाण मानतात. किंमत भारी आहे. चार हौशी मंडळींनी मिळून एक प्रत घ्यावी आणि आळीपाळीने वापरावी. चौथी शाळा घरातली आहे आणि ती सर्वांत आधी बंद होते. ती म्हणजे म्हातारी माणसे. नंबर, खूण, साल आपण दहा वर्षांनीही वाचू शकू. "ही तुमच्या चुलत्यांनी कुणाकडून आणली?" याचे उत्तर देणारी आजी दहा वर्षांनी असेलच असे नाही.

कथा आणि पुरावा

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून आलेल्या वाघनखांचे प्रदर्शन सुरू झाले. ती पाहायला लोकांची रीघ लागली. ही वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीची. ज्या पेटीत ती आहेत, त्या पेटीवरील लेखानुसार ती शिवाजी महाराजांची असून साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या कारभाऱ्याकडून मिळाली. त्याचबरोबर ते संग्रहालय हेही सांगते की, अफझलखानाच्या वेळची वाघनखे हीच, याची खातरजमा करता येत नाही. श्रद्धा मनात ठेवावी, पण पाटीवर जेवढे सिद्ध झाले तेवढेच लिहावे, असा हा शिरस्ता. संगीन जमवणाऱ्यानेही तो उचलावा.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरी सांगतात की पणजोबा कुटच्या वेढ्यात होते आणि ही संगीन त्यांनी तिथून आणली. डिसेंबर १९१५ पासून इराकमधील कुट येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही होत्या. अन्न संपले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. शरण गेलेला शिपाई तुर्कांच्या कैदेतून आपली संगीन घेऊन घरी येईल, हे संभवत नाही. आणि पात्यावर साल जर १९१८ निघाले, तर प्रश्नच मिटला. पण म्हणून घरच्यांना खोटे पाडून उठू नये. पणजोबा कुटला होते, हे खरे असू शकते. संगीन पुढे कधीतरी घरात आली आणि दोन्ही आठवणींची गाठ पडली, एवढेच झालेले असते. वहीत दोन्ही गोष्टी लिहाव्यात, पण वेगवेगळ्या ओळींवर.

बाजारात नकलाही येतात. नाटक-सिनेमासाठी आणि परदेशी हौशी लोकांसाठी आपल्या देशात नवी 'जुनी' हत्यारे बनतात. त्यात गैर काही नाही, जोवर ती जुनी म्हणून गळ्यात बांधली जात नाहीत. ठोकलेली अक्षरे पुसट आणि गोलसर, गंज सगळीकडे सारखा, मुठीचे लाकूड नवे पण रंग जुना असे दिसले की हात आखडता घ्यावा.

शिकलगाराचा हात आणि आपला

मिरजेच्या सतारी जगप्रसिद्ध आहेत. पण त्या करणाऱ्या घराण्यांचे मूळ आडनाव शिकलगार, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पाणी चढवणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया थांबल्या, हत्यारांचा धंदा बसला, आणि पटवर्धन सरकारच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार या कारागिराने तंतुवाद्ये करायला घेतली. तलवारीवर चालणारा हात भोपळ्यावर चालू लागला! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे, की हत्यार स्वच्छ करणे ही एक विद्या आहे. रस्त्यावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या चाकावर जुनी संगीन कधीही धरू नये. दोन मिनिटांत तिची अक्षरे नाहीशी होतील, आणि चकचकीत पण मुके लोखंड हाती येईल. तसेच चिंच, लिंबू, राख हे तांब्या-पितळेचे उपाय पोलादाला लावू नयेत. खंडेनवमीला लावलेले हळदकुंकू आणि पाणी त्याच संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून काढावे. ओल पात्यात मुरली की पावसाळ्यापर्यंत गंज धरलाच म्हणून समजा.

मऊ सुती कापडावर शिलाई यंत्राचे तेल घेऊन सावकाश पुसावे. सुटणारा तांबडा गंज निघेल. खालचा काळपट रंग राहू द्यावा, तो वयाचा आहे. हाताला घाम असतो आणि घामात मीठ, म्हणून पाते उघड्या बोटांनी हाताळू नये. कातडी म्यानात संगीन कायमची ठेवू नये. कातडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला खातात. म्यान आणि पाते शेजारी शेजारी, पण वेगळे ठेवावे. कातड्यावर तेल ओतू नये. साताऱ्याकडचा पाऊस कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी कपाट उघडून पाहावे.

कायद्याची बाजू

हा छंद तिकिटे जमवण्याइतका बिनधोक नाही, हे विसरू नये. शस्त्रांसंबंधीचा १९५९ चा कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत तलवार, खंजीर, भाला यांच्या जोडीला संगिनीचे नाव स्पष्ट घातलेले आहे. तेव्हा माझी संगीन आठच इंचांची, मला काय त्याचे, असा हिशेब करू नये. संग्रह करण्यापूर्वी जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे. सण, मिरवणुका, निवडणुका अशा प्रसंगी पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारे बाळगून हिंडण्यास बंदीचे हुकूम निघतात. वाढदिवसाचा केक कापायला आजोबांची संगीन काढणाऱ्या तरुण मंडळींनी हे मुद्दाम वाचावे!

दुसरा कायदा १९७२ चा, पुराणवस्तूंचा. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की ती त्याच्या कक्षेत येऊ शकते. म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या संगिनींनी आता तो उंबरठा ओलांडला आहे. पुराणवस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणून सामानात टाकण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. आणि घरात लहान मुले असतील, तर संगीन भिंतीवर न टांगता कुलपात ठेवावी, हे सांगायला कायदा कशाला हवा?

एक साधी वही

शेवटी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचे साधन सांगतो. ते म्हणजे शाळकरी पोरांची रेघी वही. प्रत्येक संगिनीला एक पान द्यावे. पात्याची लांबी, एकूण लांबी, सगळ्या खुणा जशा दिसतात तशा काढलेल्या, म्यान आहे की नाही, हे डाव्या बाजूला. उजव्या बाजूला ती कुठे मिळाली, कोणत्या तारखेला, देणाऱ्या घराने काय सांगितले, आणि सांगणाऱ्याचे त्यांच्याशी नाते काय. जे वाचून ठरले ते शाईने लिहावे, जे ऐकले ते पेन्सिलीने. पुढे एखादा कागद सापडला आणि पेन्सिलीची ओळ शाईने गिरवता आली, तर त्या दिवशी घरात गोडधोड करायला हरकत नाही.

संग्रह मोठा असण्यात फारसे काही नाही. भिंतीवर पन्नास संगिनी लावल्या आणि एकीचीही हकीकत ठाऊक नसली, तर ते लोखंडाचे दुकान झाले. उलट एकच संगीन असावी, तिच्या शेजारी पलटणीचे नाव, गावच्या पाटीवरचे दोन आकडे आणि त्या घरातल्या आजीने सांगितलेली चार वाक्ये असावीत. तो संग्रह खरोखरीच 'संगीन' म्हणावा. आणि छंद मुळीच नसेल, तरी निदान एवढे करावे. या दिवाळीत माळ्यावरून असे काही निघाले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला हाक मारावी.